क-७

शुवैखच्या मागच्या गल्लीत, ऑगस्टच्या दुपारी
पत्रा तापून टणटण वाजत होता.
बहरोझनं माळ्यावरून खोका उतरवला.

लँडक्रूझर, सत्त्याहत्तरचं मॉडेल. कार्बोरेटर.
कंपनीनं बनवणं सोडून जमाना झाला.
माझ्या शेठला तोच हवा, वडिलांची गाडी;
डुप्लिकेट लावला की म्हणे आवाज बदलतो
आणि आवाजाच्या बाबतीत तो कुणाचं ऐकत नाही.

फडक्यानं धूळ पुसली.
नंबर जुळला, शेवटच्या आकड्यापर्यंत.
मेणकागद शाबूत.
झाकणाच्या आतून निळ्या पेन्सिलीनं लिहिलेलं :
क-७.

साताची शेपटी अशी लांब मीच ओढतो.

साल्मियाच्या दुकानात सगळे कप्पे
मी मराठीतच लिहायचो,
मिसरी मॅनेजरला पत्ता लागू नये म्हणून.
मग तो ऑगस्ट. दुकान लुटलं तेव्हा
मी अम्मानच्या वाटेवर, ट्रकात,
पासपोर्ट बनियनच्या आत.

‘नव्वद दिनार,’ बहरोझ म्हणाला.
आम्ही साडेतीनला विकायचो.

त्याला काय सांगणार?
तेव्हा तो शाळेतही गेला नसेल.
नेहमीसारखी हुज्जत घातली,
ऐंशीला तुटलं,
पावती शेठच्या नावानं.

शेठनं कार्बोरेटर घेतला, म्हणाला, खोका फेकून दे.

खोका माझ्या खाटेखाली आहे.
रात्री एसीच्या घरघरीत आठवत बसतो,
क-६ मध्ये डिस्ट्रिब्यूटरच्या टोप्या होत्या.
बारा.
मोजून ठेवलेल्या.