कोण लागते

सोहारला, मासळीबाजाराच्या मागच्या गल्लीत
आमचं सनद ऑफिस.
सनद म्हणजे गावाकडे वकिलाची, नाहीतर इनामाची;
इथे नुसती फॉर्म भरण्याची.
अकरा वर्षं मी लोकांची नाती टाइप करतो आहे,
पानामागे तीनशे बैसा.

एका फॉर्मवर छापलेलं असतं रिलेशन,
दुसऱ्यावर रिलेशनशिप.
पहिल्याच आठवड्यात कोयाकाकांना विचारलं, फरक काय?
ते म्हणाले, शिप म्हणजे जहाज,
तू विमानाने आलास, रकाना भर.
भरला.
आता नवा पोरगा आला की तो मला विचारतो
आणि मी दर वेळी वेगळंच काहीतरी सांगतो.

एकाला सांगितलं, रिलेशनवर शिक्का असतो.
दुसऱ्यावर कोणी शिक्का मारत नाही,
म्हणून ते आपलं आपणच उठून बघावं लागतं मधूनमधून,
गॅस बंद केला का, तसं.
एकाला सांगितलं, माझा चुलतभाऊ मस्कतला असतो,
बसने तीन तास.
रिलेशन आहे.
तो म्हणाला, आणि? मी म्हटलं, आणि काही नाही.

परवा हैथम आला.
कडक इस्त्रीची दिशदाशा, डोक्यावर कुमा जरा तिरकी,
लग्न पंधरा दिवसांवर.
व्हिजिट व्हिसा हवा होता, एकाच बाईसाठी.
पासपोर्टची झेरॉक्स त्याने घडी न मोडता आणलेली:
द्वारका सखाराम गमरे,
मुक्काम भरणे, तालुका खेड.
जन्मतारीख एक जून, आमच्याकडच्या अर्ध्या माणसांची असते ती.
वीस वर्षं त्यांच्या घरात होती.
मग गुडघे गेले, मग ती.

स्क्रीनवर यादी उघडली.
आई, बायको, बहीण, सासू.
हैथम काचेवर बोट फिरवत खाली गेला, वर आला,
दुकानात सगळ्या चपला आहेत
आणि आपल्या मापाची नाही, असा.
नोकर टाकू का, मी विचारलं.
आता नोकर नाही, तो म्हणाला,
आणि तेव्हासुद्धा...
पुढचं अरबीत होतं, भराभर. मला अर्धंच कळलं.

मग एकदम माझ्याकडे वळून, मराठीत, खेडच्या हेलात:
"गप बस. आधी जेव."

मला हसू आवरेना. एवढंच येतं?
नाही म्हणे, अजून येतं.
दार लाव. पाय धू.
भूक लागली?
कुठे लागलं, दाखव.

तेव्हा मीही मराठीतच विचारलं,
सवयीने, गावात कोणीही कोणालाही विचारतं तसं,
"ती तुझी कोण लागते?"

'कोण' त्याने सोडून दिलं.
पुढचा शब्द तेवढा उचलला,
तोंडात धरून पाहिला.
"हो," म्हणाला. "लागते."

मी कीबोर्डवरून हात काढले.
कुठल्या अर्थाने, ते विचारलं नाही.
इंग्रजीवाल्यांनी दोन शब्द वेगळे ठेवलेत, दोन रकान्यांत,
एकमेकांना धक्का लागू नये म्हणून.
आमच्याकडे एकाच क्रियापदात भूक आहे,
फुटलेला गुडघा आहे
आणि मस्कतचा चुलतभाऊ.

यादीच्या तळाशी 'इतर' होतं.
ते दाबलं की एक रिकामी ओळ उघडते, पन्नास अक्षरांची.
मागून कोयाकाका ओरडले, रांग बघ किती झाली.
मी इंग्रजी अक्षरांत लिहिलं: लागते.
पन्नासातली पाचच भरली.
लाल रेघ आली नाही.

तीनशे बैसा घेतले, पावती दिली.
सबमिट झालं, पुढचं अजून कळलेलं नाही.
तो बाहेर जाऊन एसीच्या थेंबाखाली उभा राहिला
आणि खेडला फोन लावला.
लागला नाही.
काचेतून दिसत होता,
बाही सरकवून परत लावताना.