अर्धविराम

विडी घरकुलात रात्री साडेदहाला
भिंत अजून दिवसाचं ऊन परत देतेय.
टेबलफॅनचं तोंड माझ्याकडे नाही, लॅपटॉपकडे;
हप्ते फिटायच्या आधी तो जायला नको.

पहिल्या फाइलीत एक वर्ग लिहिलाय.
नाव: राशी.
शाळेच्या बीजगणितातून उचललं, बैजिक राशीतली राशी,
पंचांगातली नव्हे.
आत एकच ओळ: किंमत सांग.
कशी सांगायची, ते लिहिलेलं नाही.
जिथे कंस उघडायचा तिथे अर्धविराम,
आणि फाइल संपली.

"एवढंच व्हय?" नायना पाठीमागून विचारतात.
पस्तीस वर्षं त्यांनी चादरीच्या जकार्डची कार्डं ठोकली.
आलेखाच्या कागदावरचा मोर
चौकोन मोजत मोजत पुठ्ठ्यात उतरवला.
भोक असलं तर दोरा उठणार, नसलं तर नाही.
मध्ये काही नसतं.
अर्धविराम त्यांना कसा पटावा?

मी सांगते, हा वर्ग स्वतः कधी जन्माला येत नाही.
याची वस्तू मागितली की यंत्र सरळ नाही म्हणतं.
पण आकडा, चल, बेरीज, वजाबाकी, कुणीही असो,
याचं नाव लावायचं तर
किंमत सांगावी लागते, ज्यानं त्यानं आपल्या रीतीनं.

"म्हंजे आमचा शेठ की," नायना म्हणतात.
"जन्मात एक धोटा फेकला नाही,
अन् सगळ्यांनी विणलं पाहिजे."

मला हसू येतं.
पण शेठ नाही हो तो, नायना.
शेठला होटगी रोडला बंगला होता.
याला स्मरणात बोटभर जागा नाही.

उंबऱ्यात सूप मांडीवर घेऊन अम्मा बसलीय,
पान, तंबाखू, एक वळसा, दोरा.
पान, तंबाखू.
बोलताना तिचे हात ऐकत नाहीत.

पहिल्या चाचणीला मी तिचाच हिशेब घेतला,
चाचणीचं नावही ठेवलं नरसव्वा:
हजारातून छाट वजा,
त्याला दरानं गुणायचं,
मग भागिले हजार, कारण दर हजारी असतो.

सगळ्यांत वर भागाकार. त्याला म्हटलं, किंमत सांग.
त्यानं गुणाकाराला विचारलं,
गुणाकारानं वजाबाकीला.
वजाबाकीनं खाली दोघांकडे पाहिलं.
हजार म्हणाला, हजार.
छाट म्हणाली, बेचाळीस.
ज्याच्याखाली विचारायला कुणी उरत नाही
त्यालाच उत्तर द्यावं लागतं;
हे काही मी लिहिलं नव्हतं,
झाडच तसं उभं राहिलं.

मग गुणाकार उजवीकडे वळला. दर.
दर हा चल. त्याच्यापाशी नुसतं नाव,
किंमत कुणीतरी बाहेरून आणून द्यायची.
मी द्यायची विसरले होते.
पडद्यावर लाल ओळ:
दर माहीत नाही.

मी ती मोठ्यानं वाचली बहुतेक.
"मला तरी कुठं माहीत असतोय," अम्मा म्हणाली,
मान वर न करता.
"शनिवारी चेकर सांगतोय.
अन् छाट बेचाळीस कुणी सांगितली तुला?
ती पण तोच काढतोय."

छाट पुसून मी तिलाही चल केलं.
आता एकटा हजार तेवढा ठाम आहे,
आणि तो अम्माच्या बोटांचा.

तेवढ्यात लाइट गेली.
फॅन दोन फेरे हौसेनं फिरून थांबला.
गल्लीतल्या मागांचा खडखडाट एकदम तुटला
आणि कानात नुसतीच पोकळी उरली.
बॅटरी एकोणीस टक्के.

पत्र्याच्या पेटीतून नायनांनी एक जुनं कार्ड काढलं,
कोरं, एकही भोक नसलेलं,
कुठल्या चादरीचं ते त्यांनाही आठवेना.
त्यानंच अम्माला वारा घालायला लागले.

"हळू हो," अम्मा अंधारात म्हणाली,
"पानं उडतील."