भुसा

पहिल्या रात्री ती स्वयंपाकघरात मुतली,
फ्रिजसमोर, अगदी मधोमध,
आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली,
पुढे काय होणार
ते पाठ असल्यासारखी.

सहा वर्षांची ग्रेहाउंड. शर्यतीतून निवृत्त.
कानांच्या आत हिरवी अक्षरं गोंदलेली.
आयुष्य सिमेंटच्या कोठीत गेलं,
जिना माहीत नाही, काच माहीत नाही.
बंद टीव्हीत तिला दुसरं कुत्रं दिसतं,
ती बाजूला सरून त्याला वाट देते.
कागदावर नाव लांबलचक आहे, पैजा लावणाऱ्यांच्या सोयीचं.
मी नुसतं नेल म्हणतो.

दर दोन तासांनी परसात.
गवतावर एक पाय ठेवते, उचलते, झटकते,
परक्या घरी गालिच्यावर पाऊल पडल्यासारखी.
वीस मिनिटं मी उभा,
छत्री तिच्यावर,
माझ्या टकलावर आयर्लंड.
काही नाही.
आत येते, अंग झाडते
आणि फ्रिजसमोर.

शेजारचा मॅलकी कुंपणावरून म्हणाला,
नाक घास तिचं त्यात. एकदाच.
कुत्र्याला बरोबर कळतं.

कळतं ना.
काय कळतं, ते बघ.

एकतीस वर्षं मी क्लॉनमेलच्या शाळेत शिपाई होतो.
हाक यायची: मिस्टर टोबिन, बादली!
बादलीत लाकडाचा भुसा, वर फावडं.
वर्गात शिरावं तर
तीस डोकी एका बाजूला
आणि एक मूल दुसऱ्या बाजूला,
मोजे ओले, नजर खिडकीच्या कडीवर.
करंगळी वर करायला उशीर झालेलं,
किंवा वेळेवर केली होती
आणि कुणी पाहिली नव्हती.
मी भुसा टाकायचो,
फळा पुसावा इतक्या साधेपणानं,
आणि म्हणायचो, आज गारठा फार आहे.
मे महिन्यातसुद्धा.
नाव कधी विचारलं नाही.
विचारलं असतं तर माझ्याजवळ राहिलं असतं.

तरी एक राहिलंच.
नेलला माझ्या गाडीत बसवून देताना
संस्थेतली ती उंच बाई म्हणाली,
मिस्टर टोबिन, तुम्ही मला ओळखलं नसेल.
मी म्हणालो, नाही बुवा.
ओळखलं होतं.

चौथ्या दिवशी, बूट वाळवताना, डोक्यात उजेड पडला:
त्या कोठ्यांतून काय पसरतात?
तडक सुताराकडे गेलो, पोतं आणलं,
परसातल्या गवतावर ओतलं,
चांगलं पलंगाएवढं.
रात्री अडीचला तिनं वास घेतला,
एक फेरी, दुसरी फेरी, तिसरी,
आणि बसली.
किती वेळ! वाफ निघत होती.
मी शाब्बास म्हणालो, हळूच म्हणालो असेन,
पण मॅलकीच्या खिडकीत दिवा लागला.

मग रोज थोडा भुसा कमी.
पलंगाचा पाट झाला, पाटाचं ताट.
मध्ये एकदा टपाल दारातून धपकन पडलं
आणि सगळं मुसळ केरात, पॅसेजभर.
मी फडकं आणलं.
आज गारठा फार आहे, म्हणालो.
तिनं भिंतीवरून मान वळवली,
पूर्ण नाही,
कानाएवढी.

आता बादलीत मूठभर उरलाय. तो राहू दे.
गवत तिला अजून आवडत नाही,
पण चालवून घेते.
अडचण एकच: सांगत नाही.
भुंकत नाही, दार खरवडत नाही,
नुसती दाराशी जाऊन उभी राहते,
तेही जरा लांबच, वाटेत नको म्हणून.
तिला करंगळी नाही.
म्हणून मी खुर्ची फिरवून घेतली आहे,
टीव्हीकडे पाठ, दाराकडे तोंड.
पेपर वाचतो, चहा पितो, मधूनच बघतो.

थांब, थांब.
बूट घालू दे.