शून्य म्हणजे ठीक

औलूत दुपारी अडीचला अंधार,
आणि फोनवर बाबा, इनारीहून:
"तुझ्या ठिपक्यानं आज मला तळ्यावर नेलं.
तिथे कोणी नव्हतं.
नुसत्या लेंड्या, त्याही गोठलेल्या."

रेनडिअरच्या गळ्यात पट्टा, पट्ट्यात सिम,
आणि कळप कुठे चरतोय ते दाखवणारं अ‍ॅप.
ते एकाच घराण्याच्या फोनांवर चालतं.
बाबांचा फोन वेगळ्या घराण्यातला,
आम्ही सात जणांनी घडवलेला.
सातातले तिघं उरलोत.
बाबा तो बदलत नाहीत.
हातमोजा न काढता उचलता येतो म्हणून,
माझ्यावरच्या मायेनं वगैरे नाही.

म्हणून मी मध्ये एक थर लिहिला.
अ‍ॅप विचारतं, मी कुठे आहे?
थर म्हणतो, घरीच की.
ते मागतं त्याचा नकाशा, त्याची घंटी, त्याची थरथर.
थर आमच्या कोठीत धावतो,
सापडेल ते त्याच्या ताटात वाढतो,
ताकास तूर लागू देत नाही.
आणि जे आमच्याकडे नाहीच,
ज्याचा अर्थही मला कधी लागला नाही,
त्याला शून्य परत करतो.
शून्य म्हणजे, या भाषेत,
सगळं ठीक.

हे काम मला नवं नाही.
आठ वर्षांची होते, कचेरीत,
टेबलाच्या कडेवर हनुवटी.
अलीकडे बाबा, सामी बोलणारे.
पलीकडे साहेब, फिनिश.
बाबांना फिनिश येत होतं.
त्या खोलीत येत नसे.

साहेब म्हणाले, अस्वलानं मारली म्हणता,
तर त्या जनावरांचे कान कुठे आहेत?
खुणेचे कान नाहीत तर भरपाई नाही.
मी बाबांना म्हटलं, कान मागतायत.
बाबा खूप बोलले.
कुरणापासून सुरू केलं, धरणापाशी आले,
मध्ये दोनदा आजोबांचं नाव.
शेवटचा शब्द शिवी होता की गाऱ्हाणं,
मला आजही ठरवता येत नाही.
मी साहेबांना म्हटलं:
"ते म्हणतात, ठीक आहे."

चष्म्यावरून त्यांनी एकदा पाहिलं माझ्याकडे
आणि शिक्का मारला.

बँकेचं अ‍ॅप असं फसत नाही.
बुटांसकट आत येतं,
भिंतीवर बोटानं वाजवून बघतं,
पोकळ आवाज ऐकतं,
'या उपकरणावर आमचा विश्वास नाही'
एवढं लिहून चालू पडतं.
मला त्याचा राग येतो.
थोडा आदरही.

उणे एकतीसला थर डुलकी घेतो, बॅटरी वाचवायला.
अ‍ॅपनं हाक मारली की दचकून उठतो,
पट्ट्याला विचारतो,
पट्टा गप्प.
मग चाळीस मिनिटांपूर्वीची जागा
आत्ताची म्हणून सांगून मोकळा होतो.
ठिपका तसाच. हिरवा.

ती ओळ सापडली आज.
उत्तर नाही आलं, तर शून्य.
खाली माझंच नाव, बिरेत,
तीन वर्षांपूर्वीची तारीख,
आणि शेजारी शेरा: नंतर बघू.

शून्य खोडलं.
त्या जागी दोन शब्द घातले,
थर पुन्हा बांधला, पाठवला, कॉफी केली, प्यायले नाही.

सातच्या सुमाराला फोन.
"आता तुझा ठिपका करडा झालाय.
म्हणतो, माहीत नाही."
हो, बाबा.
"मग मी कुत्रीला विचारू?"
विचारा.

स्नोमोबिलचं इंजिन आधी खोकलं, मग बंद पडलं.
पलीकडे वारा, पट्ट्याची कडी, कुत्रीचं हापसणं.
फोन ठेवला नव्हता त्यांनी.
"'ठीक आहे'पेक्षा हे बरं,"
म्हणाले. आणि त्यातलं
'ठीक आहे' तेवढं
फिनिशमध्ये.