फ्रीमन स्ट्रीट, पातळी पहिली

माझ्या खेळात एक माणूस आहे, सोळा पिक्सेल उंच.
चेहऱ्याला जागा उरली नाही,
म्हणून टोपी दिली. माझीच,
कोल्ड स्टोअरेजमधली, निळी.

शुक्रवार. पगार खिशात.
ग्रिम्सबीच्या मासळीच्या कारखान्यातून सुटून
त्याला फ्रीमन स्ट्रीटने घरी जायचंय.
एवढाच खेळ.
उजवा बाण दाबून पुढे. उडी नाही, बंदूक नाही.
वाटेत तीन दुकानं, काचेआड ऊबदार उजेड,
फुकट कॉफी, गुबगुबीत स्टुलं,
आणि बाहेर समुद्रावरून येणारा वारा,
कानाच्या पाळ्या कापत नेणारा.
वारा काढायला दोन रात्री गेल्या:
तिरक्या रेघा, सेकंदाला बारा.

दुकानाच्या दारापाशी आलं
की पाय आपोआप आत ओढला जातो.
हे सहा ओळींत लिहून झालं.
मला वाटलं होतं, पानंच्या पानं लागतील.

मंगळवारी चर्चमागच्या हॉलमध्ये
आम्ही नऊ जण, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर.
डेरेक विचारतो, कितवा दिवस?
एकशे बारावा, मी म्हणतो.
टाळ्या कुणी वाजवत नाही. किटली उकळून बंद पडते.

वृंदाला बांगड्यांचं माहीत आहे. गाडीचं माहीत आहे.
सहलीचे दोनशे दहा पौंड माहीत नाहीत.
मृण्मयीला मी सांगितलं होतं, फॉर्म पोस्टात हरवला.
ती पोस्टखात्यावर चिडली, आठवडाभर.

आपल्याकडे फाशांचंही दान पडतं
आणि दारी आलेल्यालाही दान देतात.
एकच शब्द.
मी मशीनसमोर बसून दुसरं करत होतो
आणि पहिल्याची वाट बघत होतो.

मग दुकानाच्या आतलं काढायला घेतलं.
तीन चक्रं: चेरी, घंटा, सात.
खरं वाटावं म्हणून तिसरं चक्र
जरा रेंगाळत थांबवलं,
सात एका घरानं चुकेल असं.
हे कुठं वाचलं नव्हतं. बोटांना येत होतं.

चाचणी म्हणून एकदा दाबलं.
पैसे नाहीत, नुसता आकडा.

कचऱ्याची गाडी गल्लीत शिरली तेव्हा
पायांना मुंग्या, चहावर साय,
आणि पडद्याच्या कोपऱ्यात, मीच लावलेल्या मोजणीत:
फिरक्या एक हजार तीनशे शहाऐंशी.

डेरेकला काय सांगू?
एकशे तेरा
की एक?

शनिवारी मृण्मयी बसली खेळायला.
जी ची कळ निघालीय तिथं ती पेन्सिल खुपसते.
दोनदा पहिल्याच दुकानात गेली, पगार संपला.
तिसऱ्यांदा थांबून राहिली, स्टॉपवर, नुसतीच.
मग म्हणाली, "बाबा, यात बग आहे.
बस आली ना, की तिच्या आडोशानं चालायचं.
दुकानाला आपण दिसतच नाही."

खरंच होतं. बस मी शोभेला काढली होती.
"दुरुस्त करणार?"
नाही म्हटलं.

निळी टोपी बसच्या बाजूबाजूनं
तिन्ही दुकानं ओलांडून गेली,
दारापाशी पोचली. दार उघडलं.
"पुढे?"
पुढे काही नाही.
"जिंकल्याचा आवाजसुद्धा नाही?"

तो मी केलाच नव्हता.
जे आवाज मला येतात ते सगळे
त्या दुकानांतले आहेत.

आत वृंदानं भात ढवळून
पातेल्याच्या काठावर डाव आपटला, दोनदा.
मृण्मयी उठली, मोबाइल स्वयंपाकघराकडे धरला.
"आई, परत एकदा!"

मशीनच्या ओळी मी अजून पुसलेल्या नाहीत.
तेही सांगायला हवं.
मी म्हटलं, थांब मिनू, बस जरा.
तो सहलीचा फॉर्म.
पोस्टात नव्हता हरवला.

तिच्या हातात रेकॉर्डिंग चालूच होतं.