जोडणी

मीटर अजून इनासियु बार्रेटोंच्या नावावर.
ते जाऊन अकरा वर्षं झाली,
बिल मात्र दर महिन्याला त्यांनाच येतं.
मुलगी लिस्बनला; तिचं ना-हरकत पत्र
म्हापशाच्या कचेरीत, कुठल्याशा फायलीखाली.

हळदोण्यात भाड्याने आलेली ही बाई रिगाची. इल्झे.
नळाची वेळ तिने भिंतीवर पेन्सिलीने लिहिलीय :
सहा ते सव्वासात. मंगळवारपुढे प्रश्नचिन्ह.
सिलिंडर शेजारच्या फिलोमेनाबाईंचा, उसना.
'फाल्यां' म्हणजे उद्या, हे तिला शब्दकोशाने सांगितलं,
उरलेलं मी.

माडावरून वायर ओढली,
खिडकीच्या शिंपल्यांना धक्का न लावता आत घेतली.
डब्यावरचा तिसरा दिवा
बराच वेळ लुकलुकत राहिला. मग हिरवा.

तिने लगेच आईला फोन लावला.
भाषा कळेना, पण ती नळ दाखवत होती,
मग सिलिंडर, मग शिडीवरचा मी,
आणि पडद्यावरची म्हातारी मान हलवत होती,
स्विंडनहून भाऊ तिथल्या गॅसच्या मीटरचं सांगतो
तेव्हा आमची आई हलवते तशी :
काही न कळता, सगळं कळल्यासारखी.

पावतीवर कोणाचं नाव घालू, विचारलं.
"बार्रेटो," ती म्हणाली.
हसली नाही.