तीस मिली

खोकल्याच्या औषधावरचं पारदर्शक टोपण,
तीसच्या रेघेपर्यंत भरायचं.
पंधरा मिनिटांत संपवायचं, आधी नाही.
आत आता केळ्याएवढी पिशवी उरलीय.
बाकीचं पोट कुठं टाकलं,
डॉक्टरांना विचारायचं राहूनच गेलं.

मी तो माणूस,
मागावरून उठलो की तांब्या वर धरून
धार सोडायचो, नरडं हलायचंसुद्धा नाही.
एप्रिलमध्ये सोलापुरात असंच पितात पाणी,
तांब्या मोकळा झाला की थांबतात.
आता एक घोट घेतो
आणि भिंतीवरच्या घड्याळाकडं बघतो.
काटा हलेना.

नागमणीनं फ्रिजच्या दाराला यादी चिकटवलीय,
आहारवाल्या बाईंनी दोन पेनांनी लिहिलेली.
हिरव्यात: साधं पाणी.
शहाळ्याचं, तेवढंच पाणी घालून.
मुगाच्या वरणाचं वरचं, गाळलेलं.
लोणी काढलेलं ताक, तेही दुसऱ्या आठवड्यात.
स्ट्रॉ नको, हवा जाते.
तांबड्यात: बाकी सगळं सोलापूर.

थोरली मेहुणी बदामशेक घेऊन आली.
'डोळे खोल गेलेत की ओ भाऊजी.'
तिला काय सांगू,
डोळे जागेवरच आहेत, गाल गेलेत.
विठ्ठलमामांनी उसाचा रस आणला, पिशवीला गाठ मारून,
'आलं-लिंबू आहे, बर्फ नाही, याला कोण नको म्हणंल?'
नागमणी म्हणाली, साखर धावत सुटते आतून,
घाम फुटतो, छाती धडधडते.
मामांनी पिशवीकडं पाहिलं,
दारातच उभ्यानं रस संपवला
आणि माझ्याकडं न बघता तोंड पुसलं.

आत्याला कुणी विचारलं नव्हतं.
तिनं ज्वारीचं पीठ रात्री भिजवलं,
सकाळी अंबील केली, आणि गाळायला फडकं मागितलं.
घरात आठ माग, माळ्यावर टॉवेलांचे गठ्ठे,
आणि एक विरळ फडकं सापडेना.
शेवटी पडद्याचा तुकडा उकळून घेतला.
नागमणीनं फोन लावला, 'अंबील चालंल का बाई?'
बाई नागपूरच्या. म्हणाल्या, 'अंबील कशी करता तुम्ही?'
आत्यानं फोन हातात घेतला, पाऊण तास सोडला नाही.
लसूण नको, मिरची नको,
तीनदा गाळा, चमच्यानं द्या.
दुसऱ्या दिवशी यादीच्या खाली
आत्याच्या अक्षरात, तेलुगूत, एक ओळ वाढली,
हिरवा पेन मिळाला नाही म्हणून पेन्सिलीनं.

रात्री तहान वेगळी असते.
बाजूच्या कारखान्यात माग चालू, खटाक् खटाक्,
माझे आठ बंद. जीभ टाळूला चिकटते.
टोपण भरतो, ओठाला लावतो, तोंडात धरून ठेवतो,
लहानपणी एखादी गोष्ट
मास्तरांपासून लपवायचो तसं.

एकविसाव्या दिवशी अशोक चौकापर्यंत चालत गेलो.
रेवणप्पा गाड्यावर. 'काय बे, वाळलास की.'
सवयीनं त्यानं गोळीसोड्याची बाटली काढली,
अंगठा दाबला.
फट् झालं, फेस वर आला.
आम्ही दोघं त्या बाटलीकडं बघत राहिलो.
आवाज यादीत नव्हता. तो मी घेतला.
सोडा त्यानं स्कूटरवाल्या पोराला दिला
आणि पैसे घ्यायचं विसरला.

मग चहाच्या ग्लासात माठातलं पाणी, निम्म्याहून कमी.
स्टूल ओढलं. स्वतःलाही तेवढंच घेतलं.
'किती वेळ लावायचा?'
'पंधरा मिनिटं.'
'एवढ्याला?' त्यानं मनगटावरचं घड्याळ काढून गाड्यावर ठेवलं.
गिऱ्हाइकं हाका मारत होती, तो ओरडून सांगत होता,
'थांबा बे, पाणी पितोय!'

तिसऱ्या घोटाला कळलं,
रेवणप्पाच्या माठात वाळा असतो.
तीस वर्षं मी इथं पाणी पीत आलोय.
विचारलं, 'कधीपासून टाकतोस?'
तो म्हणाला, 'बाप टाकायचा.'
अजून नऊ मिनिटं होती.